सूर्याची वादळे आणि रायगडची नोंदवही

सूर्यावर मोठा स्फोट झाला की पृथ्वीवर आणि तिच्या भोवतालच्या अवकाशात काय घडते, हे शोधायला माणसे दोन वाटांनी निघाली. एक वाट वर गेली. आधी फुगे, मग अग्निबाण, मग उपग्रह. या वाटेवर पहिली मोठी पावले टाकणाऱ्यांत सोव्हिएत संघाचे शास्त्रज्ञ होते. दुसरी वाट जमिनीवरच थांबली. एका जागी चुंबक टांगायचा, त्याची हालचाल दिवसरात्र टिपायची आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या खंड पडू न देता चालवायचे. कुलाबा, अलिबाग आणि आता नवीन पनवेल हे या दुसऱ्या वाटेवरचे जगातले एक जुने आणि मोलाचे घराणे आहे.

नवीन पनवेलला महामार्गालगत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. ही संस्था १९७१ साली स्वायत्त झाली, पण तिचा वारसा १८४१पर्यंत मागे जातो. या दोन्ही वाटांनी आजवर काय हाती लागले, कुठे वाद आहेत आणि आपल्याला त्याचे काय, याचा हा आढावा.

कुलाब्याचा चुंबक

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईतल्या कुलाब्याला वेधशाळा बांधली ती जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे चुंबकीय मोजमाप सुरू झाले. जर्मनीत कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या प्रेरणेने जगभर अशा वेधशाळांचे जाळे विणले जात होते, त्यात मुंबई आली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेची सूत्रे सांभाळली. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिथे नोकरीला लागले. पुढे 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे आणि टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. महाराष्ट्रातल्या आधुनिक विज्ञानाची सुरुवात सांगताना आपण शाळा-महाविद्यालयांची नावे घेतो. तासातासाला दुर्बिणीतून मोजपट्टी पाहून आकडा लिहिणाऱ्या या खोलीचे नावही त्यात यायला हवे.

उपकरण साधे होते. बारीक धाग्यावर टांगलेली चुंबकाची कांडी, तिला जोडलेला आरसा आणि काही अंतरावर दुर्बीण व मोजपट्टी. कांडी केसभर वळली तरी आरशातला आकडा सरकायचा. निरीक्षकाने तो वाचायचा, वेळ टाकायची, वहीत उतरवायचा. दिवसा, रात्री, ऐन पावसाळ्यात, सणासुदीलाही.

या शिस्तीचे फळ १८५९ साली मिळाले. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या समूहात अचानक पांढरा लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली, कॅरिबियन समुद्राच्या अक्षांशापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोपातल्या वेधशाळांमध्ये कागदावर उमटणारी रेघ कागदाबाहेर गेली आणि ऐन वादळाची नोंद हुकली. कुलाब्याला मात्र माणूस डोळ्यांनी आकडे वाचत होता. वादळ सुरू झाल्याचे लक्षात येताच त्याने तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी नोंदी घेतल्या. २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्याच्या क्षैतिज चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट झाली. तिथले एकूण क्षैतिज क्षेत्र ३७-३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते. म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व मुंबईपुरते काही काळ चार टक्क्यांनी कमी झाले होते.

हे आकडे जवळजवळ दीड शतक जुन्या छापील खंडांत पडून होते. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भूचुंबकत्व संस्थेचे गुरुबक्षसिंग लखिना व शोभना अलेक्स यांनी ते बाहेर काढून विश्लेषण प्रसिद्ध केले. तेव्हापासून जगात कुठेही टोकाच्या सौर वादळाची चर्चा निघाली की कुलाब्याचा आलेख समोर ठेवला जातो.

ट्राम आली, वेधशाळा अलिबागला गेली

१८९६ साली नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांनी धोका ओळखला. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह नाजूक मापनाचा बट्ट्याबोळ करणार होता. त्यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. तिथली इमारत लोखंडाचा वापर न करता, चुंबकत्व नसलेला दगड निवडून बांधली. तापमान बदलले की चुंबकही बदलतो, म्हणून आतल्या खोलीत दिवसभरात तापमान जवळजवळ हलणार नाही अशी भिंतींची रचना केली.

मूस यांचे खरे मोठेपण त्यापुढच्या गोष्टीत आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले गेले. दोन जागांमधला फरक काटेकोर कळला, त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. जागा बदलली, पण धागा तुटला नाही. १९१०मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाड खंडांत छापून जगापुढे ठेवल्या. 

सोव्हिएत वाट: वरती जाऊन पाहणे

आता वर गेलेल्या वाटेकडे वळू. दूरच्या अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांना वैश्विक किरण म्हणतात. रशियात त्यांच्या अभ्यासाची परंपरा क्रांतीनंतरच्या पहिल्या दशकातच सुरू झाली. लेनिनग्राडला दिमित्री स्कोबेल्त्सिन यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या क्लाउड चेंबरमध्ये या कणांच्या खुणा पाहिल्या. सर्गेई वेर्नोव यांनी १९३०च्या दशकात फुग्यांना रेडिओ यंत्र बांधून स्थितांबरातले मोजमाप जमिनीवर मिळवले आणि जहाजावरून विषुववृत्ताजवळही तसेच प्रयोग केले. पृथ्वीचा चुंबक कमी ऊर्जेच्या कणांना विषुववृत्ताकडून परतवून लावतो, ध्रुवांकडे वाट देतो. त्यामुळे रशिया आणि भारत ही एकाच प्रयोगाची दोन टोके ठरतात. याच काळात होमी भाभा वैश्विक किरणांच्या कणवर्षावाचा सिद्धान्त मांडत होते आणि विक्रम साराभाई त्याच विषयात संशोधनाला लागत होते.

१९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सोव्हिएत विज्ञानाने भरारी घेतली. नोव्हेंबर १९५७च्या स्पुत्निक-२मध्ये लायका कुत्रीबरोबर वेर्नोव यांच्या गटाचे वैश्विक किरण मोजणारे गणक होते. यान अतिशय उंचावर असताना ऑस्ट्रेलियावरून जायचे, पण त्याचे संदेश सोव्हिएत केंद्रे फक्त आपल्या भूमीवरून जातानाच टिपत होती. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांकडे ध्वनिमुद्रण होते, पण संकेत उलगडायची किल्ली मॉस्कोने दिली नाही आणि ऑस्ट्रेलियाने मुद्रण दिले नाही. पृथ्वीभोवती वेगवान विद्युतभारित कणांचे प्रारण पट्टे आहेत, हे त्या नोंदींत दडलेले होते. १ मे १९५८ रोजी या पट्ट्यांची घोषणा केली ती अमेरिकेच्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी, एक्सप्लोरर यानांच्या आधारे. त्याच महिन्यात स्पुत्निक-३ गेले. त्याचे टेपरेकॉर्डर उड्डाणाआधीच नीट चालत नव्हते, तरीही वेर्नोव आणि अलेक्सांद्र चुदाकोव यांनी बाहेरच्या पट्ट्याचे स्वरूप त्यातून उलगडले. काम अव्वल होते, पण माहिती कोंडून ठेवल्याने मान दुसरीकडे गेला. या क्षेत्राच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा धडा आहे.

१९५९ साली लुना-१ आणि लुना-२ या चांद्रयानांवर कोन्स्टान्तिन ग्रिंगाउझ यांनी आयन-सापळे बसवले आणि सूर्यापासून वाहणारा कणांचा प्रवाह प्रथमच प्रत्यक्ष मोजला. यूजीन पार्कर यांनी वर्षभरापूर्वी कागदावर मांडलेला सौर वारा खरा ठरू लागला. १९६२च्या अमेरिकी मरिनर-२ने तो अखंड वाहतो हे दाखवले. मरिनर-२च्या त्या विश्लेषणात उडुपी रामचंद्र राव हे भारतीय नाव आहे. सौर वाऱ्याचा वेग वाढला की पृथ्वीची चुंबकीय अस्वस्थता वाढते, हे त्यात आकड्यांनिशी आले. कुलाब्याचा चुंबक जिच्यामुळे हलत होता ती गोष्ट अखेर वरती जाऊन हाताला लागली.

सोव्हिएत काळात यापलीकडेही मोठी कामे झाली. 'झार्या' नावाचे जवळजवळ लोखंडविरहित लाकडी जहाज सागरांवर चुंबकीय मोजमाप करत फिरले. अलिबागच्या खोल्यांमागे जो विचार होता तोच या जहाजामागे. १९६४च्या कॉसमॉस-४९ उपग्रहाने पृथ्वीच्या मोठ्या भागाचे चुंबकीय सर्वेक्षण केले. १९६८चा १७ टनांचा प्रोटॉन-४ अत्यंत ऊर्जावान वैश्विक किरण मोजायला गेला. १९६६ साली गिओर्गी झात्सेपिन आणि वादिम कुझमिन यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत केनेथ ग्रायझेन यांनी, दूरवरून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या ऊर्जेला वरची मर्यादा असली पाहिजे असे दाखवले. अंटार्क्टिकातल्या चुंबकीय नोंदींवरून सर्गेई मन्सुरोव यांनी १९६९मध्ये दाखवले की सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जमिनीवर बसूनही ओळखता येते.

यातली महाकाय याने आज नाहीत. पण १९५७पासून मॉस्कोजवळून आणि मुर्मान्स्क भागातून, पुढे अंटार्क्टिकातल्या मिर्नी तळावरून, साधे फुगे सोडून स्थितांबरातले वैश्विक किरण मोजण्याची जी मालिका सुरू झाली ती सोव्हिएत संघ संपल्यावरही चालू राहिली. ११ वर्षांच्या सौरचक्राबरोबर वैश्विक किरण कसे कमीजास्त होतात हे त्या मालिकेतून उत्तम दिसते. सूर्य शांत असला की ते वाढतात, सूर्य खवळला की घटतात.

थुंबा, आर्यभट आणि कोल्हापूरचे चिटणीस

भारत आणि सोव्हिएत संघ यांचा या विषयातला दुवा चुंबकीय विषुववृत्ताने जुळवला. ते केरळातल्या थुंब्याजवळून जाते. ही जागा निवडणाऱ्यांत एकनाथ चिटणीस होते. १९२५ साली कोल्हापुरात जन्मलेले चिटणीस अहमदाबादला साराभाईंकडे वैश्विक किरणांवर काम करत होते, मग अमेरिकेत ब्रुनो रॉसी यांच्या गटात होते आणि तिथून परत येऊन भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या पायाभरणीत सामील झाले. ऑक्टोबर २०२५मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.

२१ नोव्हेंबर १९६३ला थुंब्याहून गेलेला पहिला अग्निबाण अमेरिकी होता, उपकरण फ्रेंच होते आणि तळावर सोव्हिएत हेलिकॉप्टर होते. १९७०च्या अखेरीपासून तिथून सोव्हिएत एम-१०० अग्निबाण नियमित सुटू लागले आणि वरच्या वातावरणातले वारे व तापमान वर्षानुवर्षे मोजले गेले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे परमजितसिंग सेहरा सतराव्या सोव्हिएत मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेले आणि तिथे हिवाळा काढणारे पहिले भारतीय ठरले.

१९ एप्रिल १९७५ला कापुस्तिन यारहून सोव्हिएत कॉसमॉस अग्निबाणाने आर्यभट कक्षेत सोडला. ३६० किलोचा हा पहिला भारतीय उपग्रह याच विषयासाठी होता. क्ष-किरण खगोलशास्त्र, आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) आणि सूर्याकडून येणारे न्यूट्रॉन व गॅमा किरण असे त्याचे तीन प्रयोग होते. त्यातला तिसरा प्रयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा होता. वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे चार-पाच दिवसांत प्रयोग बंद करावे लागले. विज्ञानाच्या दृष्टीने हाती फार लागले नाही, पण उपग्रह बांधता येतो हा विश्वास आला. आदित्य-एल१ या सौरयानापर्यंतची वाट तिथून सुरू होते.

पनवेलहून आज काय पाहिले जाते

पनवेलच्या संस्थेकडे अलिबागबरोबरच नागपूर, राजकोट, जयपूर, शिलाँग, तिरुनेलवेली, पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणच्या वेधशाळा आहेत, आणि अंटार्क्टिकातही मोजमाप चालते. या जाळ्याचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणात पाहता येईल. चुंबकीय विषुववृत्तावर सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर दुपारच्या वेळी पूर्वेकडे एक जोरदार विद्युतप्रवाह वाहतो. तिरुनेलवेली थेट त्याच्या खाली येते, अलिबाग त्याच्या पट्ट्याबाहेर. दोन्हीकडे त्याच वेळी क्षैतिज क्षेत्र किती वाढले ते मोजायचे आणि तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा वजा करायचा. सौर वादळाने आणि रोजच्या उन्हाने दोन्हीकडे सारखा झालेला बदल वजाबाकीत निघून जातो, उरतो तो त्या प्रवाहाचा जोर. अग्निबाण न सोडता, शाळकरी वजाबाकीने, शंभर किलोमीटर वरचा प्रवाह रोज मोजला जातो.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या रडारने ८०-९० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले. पन्हाळ्यावर, चांदणे नसलेल्या निरभ्र रात्री, संपूर्ण आकाश एका चित्रात घेणारा कॅमेरा आयनांबराचा मंद लाल उजेड टिपतो. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताजवळ आयनांबरात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि वर चढत उत्तरेकडे-दक्षिणेकडे पसरतात. पन्हाळ्याच्या चित्रांत ते उजेडातल्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. या बुडबुड्यांतून जाताना जीपीएसचा संदेश लटपटतो. म्हणून हा केवळ अभ्यासाचा विषय नाही.

जिथे अजून वाद आहे

पहिला वाद कुलाब्याच्याच आकड्याचा आहे. १,६०० नॅनोटेस्लाची ती खोल दरी सगळी पृथ्वीला वेढणाऱ्या वलय-प्रवाहाची आहे का, की ध्रुवांकडचे प्रवाह त्या सकाळी मुंबईपर्यंत खाली सरकले होते? क्षेत्र इतक्या चटकन सावरले कसे, हेही कोडे आहे. तासाची सरासरी घेतली तर आकडा ९००च्या आसपास येतो असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. वादळ अफाट होते यावर एकमत आहे. किती अफाट, हे ठरायचे आहे.

दुसरा प्रश्न आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतो: सूर्यावरच्या डागांवर पाऊस अवलंबून आहे का? १८७६-७८च्या दुष्काळानंतर या प्रश्नाने जोर धरला आणि भारतात सौर वेधशाळा उभारण्यामागे तो एक हेतू होता. पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी सूर्याचे वेध घेतले, २२ जानेवारी १८९८चे खग्रास ग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून टिपले. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जगभरचे आकडे तपासून संबंध क्षीण असल्याचे सांगितले. १९८१ साली पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेच्या भालमे आणि मुळे यांनी भारतातल्या पुराच्या व्याप्तीत सूर्याच्या २२ वर्षांच्या चक्राची खूण दाखवली. तरीही या आधारावर पुढच्या वर्षीच्या पावसाचे भाकीत करता येत नाही. मान्सूनवर समुद्राचे तापमान आणि वारे यांचा पगडा कितीतरी मोठा आहे. डागांवरून पीकपाण्याचे अंदाज छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

तिसरा वाद वैश्विक किरण आणि ढग यांचा. हे किरण ढगांची बीजे तयार करतात आणि म्हणून हवामान बदलतात, अशी मांडणी १९९७पासून चर्चेत आहे. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी असा परिणाम असला तरी आजच्या तापमानवाढीपुढे तो फार लहान असल्याचे दाखवले. तापमानवाढीचे खापर सूर्यावर फोडायला आधार नाही.

पनवेलकराला याचे काय

मार्च १९८९च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२मध्ये एका साध्या वादळाने वरची हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे सुमारे ४० उपग्रह खाली आले. १०-११ मे २०२४च्या वादळात लडाखच्या हानले वेधशाळेवरून आकाश तांबडे झालेले टिपले गेले. त्या वादळात चुंबकीय क्षेत्रातली जगभरची सरासरी घट सुमारे ४०० नॅनोटेस्ला होती. कुलाब्याचा आकडा यापुढे ठेवला की पुढचे मोठे वादळ काय करू शकेल याची कल्पना येते.

आता पनवेल तालुक्यातच नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. विमानांना उपग्रहांच्या मदतीने अचूक जागा सांगणाऱ्या 'गगन' यंत्रणेला आयनांबराची अस्वस्थता सतत हिशेबात धरावी लागते, आणि ही अस्वस्थता आपल्या अक्षांशांवर तीव्र असते. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभा असलेला आदित्य-एल१ आता सौर वारा आपल्यापर्यंत पोचण्याच्या तासभर आधी त्याची चाहूल देऊ शकतो. पुण्याच्या आयुकाने त्यावर बसवलेली दुर्बीण सूर्याची अतिनील चित्रे घेते. पण यान किती आधी इशारा देते, तो खरा किती ठरतो आणि त्याचा जमिनीवर परिणाम काय होतो, हे तपासायची कसोटी अलिबागच्या खोलीतच आहे.

दोन्ही वाटांचा हिशेब मांडला तर निष्कर्ष स्पष्ट आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी धाडसाने जे शोधले त्यातले टिकाऊ ते, जे नियमित मोजले गेले आणि उघड केले गेले. कोंडून ठेवलेली माहिती त्यांच्या स्वतःच्याही उपयोगी पडली नाही. कुलाबा-अलिबागने महागडे काही केले नाही. खंड पडू दिला नाही आणि आकडे छापून खुले केले, एवढ्यावर ही मालिका जगाच्या कामी आली.

म्हणून रायगड जिल्ह्याच्या नियोजनकारांना आणि लोकप्रतिनिधींना विनंती आहे. मुंबईहून रायगडला येणारे पूल आणि रस्ते वाढत आहेत, अलिबागच्या वेधशाळेभोवती बांधकाम आणि विजेचे जाळे दाट होत आहे. तिच्या परिसरात काय उभारायचे हे ठरवताना वेधशाळेचे मत आधी घ्यावे. आणि कधी जागा बदलावीच लागली, तर मूस यांनी केले तसे जुन्या व नव्या जागी पुरेसा काळ जोडीने मोजमाप करण्याची तरतूद आधीच करावी. पावणेदोनशेहून अधिक वर्षांची ही मालिका एकदा तुटली, तर कितीही पैसा ओतून ती परत जोडता येणार नाही.